फुटपाथखालचं शेत: मुंबईची घूस नेमकी जगते कशी

आम्ही परळला तळमजल्यावर राहतो. बिल्डिंग जुनी, मागच्या बाजूला मोऱ्यांचे पाइप उतरतात, त्यांच्या खाली पेव्हर ब्लॉक आणि ते ब्लॉक बाराही महिने थोडे ओलेच असतात. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर तिथे एका सकाळी दोन ब्लॉकच्या फटीतून वर आलेला मातीचा ढीग दिसला, बारीक, चाळून काढल्यासारखी माती, अजून ओलसर. वॉचमन काका म्हणाले उंदीर असेल, समोरच्या काकू म्हणाल्या चिचुंद्री, आणि आईने नुसतं वाकून बघितलं आणि म्हणाली, घूस आहे, आता भिंत बघा.

आईचंच खरं होतं. त्यानंतर वर्षभर मी या प्राण्याच्या मागे लागले, वाचलं, रात्री खिडकीत बसून बघितलं, आणि माझ्या लक्षात आलं की आपण मुंबईत आयुष्यभर घुशीला शिव्या घालतो पण ती जगते कशी हे जवळपास कोणालाच माहीत नसतं. आणि ते माहीत नसल्यामुळेच आपले सगळे उपाय फुकट जातात. म्हणून हे लिहिते आहे, जमेल तितकं सोपं करून.

आधी ओळख, कारण इथेच अर्धा गोंधळ होतो. मुंबईच्या घरात रात्री जे काही पळतं त्याला आपण सरसकट उंदीर म्हणतो, पण त्यात तीन वेगवेगळी मंडळी असतात. एक घरातला काळपट उंदीर, सडपातळ, मोठे कान, शेपूट शरीरापेक्षा लांब, हा चढणारा गडी आहे, पाइपवरून, केबलवरून, माळ्यावर. दुसरी चिचुंद्री, लांब निमुळतं नाक, बारीक डोळे, भिंतीच्या कडेकडेने चिकचिक करत जाणारी आणि एक उग्र वास मागे सोडणारी. ही मुळात उंदरांच्या कुळातलीच नाही, तिला कुरतडायचे दात नसतात, ती झुरळं आणि किडे खाते. कृपा करून तिला मारू नका, ती तुमचंच काम करत असते. आणि तिसरी आपली घूस. बोथट, गोल तोंड, जाड मान, राठ केस, शेपूट शरीरापेक्षा थोडी आखूड, आणि पुढच्या पायांना खणायची नखं. ही चढायच्या भानगडीत फारशी पडत नाही, तिचं सगळं राज्य जमिनीखाली.

घुशीतही दोन जाती आपल्याकडे आहेत. मोठी घूस, जी किलोच्या आसपास भरू शकते आणि जिला बघून माणसं मांजर समजून दचकतात, आणि लहान घूस, पाव किलो ते चारशे ग्रॅमच्या दरम्यान, शास्त्रीय नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस. शहरात सगळ्यात जास्त नुकसान करते ती ही लहानी, आणि या लेखात मी बहुतेक तिच्याबद्दलच बोलते आहे. बँडिकूट हा शब्दसुद्धा इथलाच, तेलुगूतल्या पंदिकोक्कुवरून आलेला, पंदि म्हणजे डुक्कर आणि कोक्कु म्हणजे उंदीर. ऑस्ट्रेलियात पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवणारे जे बँडिकूट आहेत त्यांचा आणि हिचा काही संबंध नाही, नाव मात्र त्यांना हिच्यावरून मिळालं. डुक्कर का, ते घूस पिंजऱ्यात सापडली की कळतं. अंगावरचे केस उभे करते आणि घशातून असा गुरगुराट काढते की हातातला पिंजरा खाली ठेवावासा वाटतो.

आता मुद्दा. घूस मुळात शहरातली नाही, ती शेतातली आहे, आणि तीही ओल्या शेतातली. माझं आजोळ संगमेश्वरकडे, तिथे भात कापून झाल्यावर एकदा आजोबांनी बांधातलं एक बीळ पहारीने उकरून दाखवलं होतं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. वरचं तोंड मातीने बुजवलेलं, आत गेल्यावर वाट वळली, मग फाटा, मग अजून एक फाटा, आणि एका फाट्याच्या शेवटी खोलगट जागा, त्यात भाताच्या लोंब्या. फेकल्यासारख्या नाही, नीट, एकीवर एक, देठ एका बाजूला. आजोबांनी सूप मागवलं आणि त्यातलं भात पाखडून घेतलं, किलोच्या वर भरलं. ते चिडले नव्हते, मला आठवतंय, म्हणाले, हिने आपल्याआधी कापणी केली.

तर शेतातलं तिचं आयुष्य असं असतं. भातशेतीत पाणी भरलेलं, मग कोरडी जागा कुठली, तर बांध. म्हणून बीळ बांधात. जवळ पाणी हवंच, कारण तिला ओलावा लागतो, आणि पोहते ती उत्तम. पीक तयार व्हायला लागलं की लोंब्या कापून आत नेते, त्याच सुमाराला पिल्लं होतात, म्हणजे पिल्लं वाढायच्या वेळेला कोठार भरलेलं. पीक संपलं की हाल सुरू, उन्हाळ्यात बऱ्याच मरतात, उरतात त्या पुढच्या हंगामापर्यंत तग धरतात. शेतकऱ्याला धान्याचं नुकसान होतंच, पण त्याहून जास्त राग बांधाचा असतो, कारण बिळातून पाणी झिरपतं, झिरपता झिरपता वाट मोठी होते आणि एका रात्रीत बांध फुटतो.

आता हेच चित्र उचलून मुंबईत ठेवा. पाण्याचा पाट म्हणजे आपलं गटार, मोरीचा गळका पाइप. बांध म्हणजे फुटपाथ, कंपाउंड वॉल, नाल्याची भिंत, रेल्वे रुळांच्या कडेचा उतार. माती कशी, तर या शहराचा केवढा तरी भाग भरावावर उभा आहे, बेटांच्या मधल्या खाड्या आणि खाजणं भरून केलेली जमीन, वर पुन्हा दर काही वर्षांनी केबलसाठी, पाइपसाठी खणून परत भरलेली सैल माती. खणायला याहून सोपं काय मिळणार तिला. आणि पीक? शेतात कापणी वर्षातून एकदा-दोनदा, इथे कापणी रोज रात्री अकरानंतर. वडापावच्या गाडीखाली पडलेला पाव, मच्छी मार्केटच्या मागचं पाणी, हॉटेलांच्या मागच्या दारातले ड्रम, पिशवीत गाठ मारून जिन्याखाली ठेवलेला ओला कचरा, आणि कबुतरांना पुण्य म्हणून टाकलेली ज्वारी आणि चणे, जे संध्याकाळी उरतात आणि रात्री घुशी खातात. पीक कधीच संपत नाही म्हणून पिल्लांचा हंगामही संपत नाही. शेतात त्या पिकाच्या तालावर वितात, मुंबईत बाराही महिने. मला वाटतं पूर्ण विषयातली ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे, की घुशीच्या डोळ्यांनी बघितलं तर मुंबई हे न संपणाऱ्या पिकाचं, कायम ओलं शेत आहे.

बिळाबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण सगळं गूढ तिथेच आहे. आपल्याला भोक दिसतं आणि आपण समजतो तेच बीळ. ते फक्त एक दार. आत अर्धा मीटर किंवा त्याहून खोल जाणारी, काही मीटर पसरलेली बोगद्यांची जाळी असते, त्यात एक निजायची खोली, चिंध्या, गवत, प्लास्टिक कुरतडून केलेली गादी, एक किंवा जास्त कोठारं, आणि एक-दोन चोरवाटा. चोरवाट म्हणजे आतून वरपर्यंत खणत आणलेला पण शेवटचा मातीचा पातळ थर तसाच ठेवलेला बोगदा. बाहेरून काही दिसत नाही, पण साप आत शिरला किंवा पाणी भरलं की डोक्याने एक धक्का मारून ती बाहेर. जे दार वापरात असतं तेही ती दिवसा आतून सैल मातीने बुजवते. म्हणून सकाळी ताजी ओली माती दिसली तर समजायचं, घरात माणूस आहे. भोक उघडं, कडा सुकलेल्या, कोळ्याची जाळी, तर खोली रिकामी.

आणि खोली बहुतेक एकटीची असते. हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं खाली टोळ्या असतात. लहान घूस अतिशय भांडखोर असते, मोठी मादी आपल्या बिळात दुसऱ्या मोठ्या घुशीला सहसा ठेवून घेत नाही, आत फक्त ती आणि तिची पिल्लं.

ती खणते कशी ते मी डोळ्यांनी बघितलंय. श्रावणातली रात्र होती, दोन वाजून गेले असतील, खिडकीतला दिवा बंद करून बसले होते आणि ती माझ्यापासून पाच-सहा फुटांवर. पुढच्या पायांनी भराभर उकरून माती पोटाखाली, मग मागच्या पायांनी ती मागे झटकायची, थोडी साठली की पूर्ण वळून तोंडाने आणि छातीने तो ढीग बाहेर ढकलायचा, बुलडोझरसारखा, आणि परत आत. मध्येच एक खडा आला तर तो दातांनी. उंदीरवर्गातल्या प्राण्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यांच्या पुढच्या बाजूलाच फक्त कडक थर असतो, नारिंगी रंगाचा कारण त्यात लोह असतं, मागची बाजू मऊ, ती आधी झिजते आणि त्यामुळे दाताला पटाशीसारखी धार आपोआप येत राहते. आणि ओठ त्या दातांच्या मागे मिटतात, म्हणजे दात बाहेर आणि तोंड बंद, माती खणताना घशात जात नाही. मला तर हे कळल्यावर बराच वेळ दुसरं काही सुचलंच नाही.

पिल्लांचा हिशोब असा की गर्भारपण साधारण तीन आठवड्यांचं, एका वेताला सहा-आठ पिल्लं, कधी दहाच्याही वर. जन्मतात तेव्हा गुलाबी, केस नाहीत, डोळे मिटलेले. महिनाभरात खायला लागतात आणि तीनेक महिन्यांची झाली की स्वतः विणार. यातली बरीचशी मरतात हे खरं, एकूण आयुष्यच जेमतेम वर्षाचं, पण जी जगतात त्यांना आई काही काळाने बाहेर काढते आणि मग त्यांना खोली शोधावी लागते.

इथेच आपल्या उपायांचं उत्तर आहे. मुंबईत जागेची अडचण कशी असते ते आपल्याला सांगायला नको. चाळीतली एक खोली रिकामी झाली तर ती किती दिवस रिकामी राहील? तसंच. तुम्ही पिंजरा लावून एक घूस पकडलीत, बीळ तयार, कोठार तयार, पाणी जवळ, आणि शेजारच्या गटाराकाठी आईने हाकललेली दोन पोरं जागा शोधत फिरतायत. आठवड्याभरात तिथे पुन्हा ताजी माती. आपण म्हणतो औषधाला दाद देत नाही. दाद देतात, मरतात, पण जागा आणि जेवण तसंच राहिलं तर आकडा परत तिथेच येतो. उलट मेलेल्यांच्या वाटचं खाणं उरलेल्यांना मिळून त्यांची पिल्लं जास्त जगतात. पालिकेच्या कीटकनाशक खात्याचे मूषक संहारक रात्रभर काठी आणि टॉर्च घेऊन गल्ल्यांमधून फिरतात, एका रात्रीत ३० मारायचे असतात त्यांना, सकाळी मोजून द्यायचे. केवढं कष्टाचं आणि घाणीतलं काम आहे ते. आणि आपण वरून पिशव्या टाकत राहिलो तर त्या माणसांच्या रात्रीच्या रात्री आपण वाया घालवतो, असं मला अगदी मनापासून वाटतं.

विषाबद्दलही एक सांगायला हवं. उंदरांना उलटी करता येत नाही, म्हणून ते नवीन खाणं आधी थोडंसं चाखतात. जालीम विष असेल तर थोडं खाऊन जी आजारी पडते आणि वाचते ती परत त्या वाटेला जात नाही. म्हणून आता बहुतेक ठिकाणी रक्त न गोठू देणारी औषधं वापरतात, ती के जीवनसत्त्वाचं काम बंद पाडतात, आणि परिणाम दिसायला काही दिवस लागतात त्यामुळे खाण्याशी संबंध तिच्या लक्षात येत नाही. पण हेच विष पोटात असलेली अर्धमेली घूस गव्हाणी घुबडाने उचलली तर ते विष घुबडातही जातं, आणि घुबड, धामण, मुंगूस हेच तर घुशीचे खरे शिकारी. बिल्डिंगमधली मांजरं मोठ्या घुशीच्या वाटेला सहसा जात नाहीत, लहान उंदरांवर भागवतात. बिळात जाऊन मेली तर पंधरा दिवस वास, ते वेगळंच. आमच्याकडे एका पेस्ट कंट्रोलवाल्याने चिकट पुठ्ठे विकले होते, त्यावर घूस थांबलीच नाही, एक चिचुंद्री मात्र रात्रभर ओरडत मेली. ते परत कधी आणले नाहीत.

रोगाचा विषय टाळून चालणार नाही. मुंबईत उंदीर म्हटलं की जुन्या माणसांना प्लेग आठवतो. १८९६ साली मांडवीत, धान्याच्या गोदामांच्या वस्तीत, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला, १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि पुढे त्यांची प्रयोगशाळा इथे परळलाच आली, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पण तेव्हा घात केला तो मुख्यतः घरातल्या काळ्या उंदराने, म्हणजे त्याच्या अंगावरच्या पिसवांनी. उंदीर मेला की पिसवा भुकेल्या होऊन माणसावर यायच्या, आणि हे कोडं पॉल लुई सिमॉन यांनी १८९८ मध्ये कराचीत सोडवलं. म्हणून तर घरात उंदीर पडला की लोक घर सोडून माळावर झोपड्या बांधून राहायला जायचे. नंतरच्या काळात, विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, मुंबई आणि कोलकात्याच्या गोदामांमध्ये लहान घुशीने बऱ्याच ठिकाणी जुन्या उंदरांना मागे टाकलं.

आजची भीती लेप्टोची आहे. लेप्टोस्पायरा हा जंतू घुशीच्या, उंदरांच्या मूत्रपिंडात राहतो, त्यांना त्याचा विशेष त्रास होत नाही, पण लघवीतून तो ओल्या मातीत आणि पाण्यात उतरत राहतो. कुत्री आणि गुरंही तो पसरवतात. एरवी तो बिळाच्या आसपासच. पण मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र आला की गटारं उलटी वाहतात, बिळं भरतात, घुशी चोरवाटांनी बाहेर येतात आणि बिळातलं सगळं पाणी रस्त्यावर, ज्यातून आपण चालत घरी जातो. पायाला साधी भेग असली तरी जंतूला तेवढं दार पुरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोची साथ आली, ती याच वाटेने. म्हणून पालिका दर पावसाळ्यात सांगते की साचलेल्या पाण्यातून चाललात, विशेषतः पायाला जखम असताना, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळी घ्या. स्वतःच्या मनाने नाही, डॉक्टरांना विचारून. आणि त्यानंतर ताप, पोटऱ्या खूप दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते सांगितल्यावाचून कळत नाही.

आमच्या भिंतीचं काय झालं ते सांगते. जुलैत एका रात्री कंपाउंड वॉलचा एक भाग बाहेरच्या बाजूला कलला आणि दोन पेव्हर ब्लॉक आत खचले. कॉन्ट्रॅक्टरची माणसं आली, ब्लॉक उचलले, आणि बोगदा मधोमध उघडा पडला. मी खाली वाकून बघितलं, नारळाची किशी, चिंध्या, वेफर्सच्या पाकिटाचे चंदेरी तुकडे, कोंबडीची हाडं, आणि एका बाजूला शिजलेल्या नाही, कच्च्या तांदळाची छोटी रास. संगमेश्वरची लोंब्यांची खोली डोळ्यांसमोर आली. गादीत पिल्लं होती, सहा मोजली मी. माणसं चहाला गेली तेवढ्यात ती आली, भर दिवसा, भिंतीच्या कडेने, एक पिल्लू मानेला धरून उचललं आणि गटाराच्या जाळीखाली गेली. परत आली. चार फेऱ्या मी बघितल्या, पाचव्या वेळेला माणसं आली होती. राहिलेल्या दोघांचं काय झालं ते मी इथे लिहीत नाही.

मग त्यांनी भोकावर सिमेंट ओतलं. तीन आठवड्यांत हातभर अंतरावर नवी माती. कारण तोंड बुजवलं होतं, वाट नाही.

शेवटी उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा. गळका मोरीचा पाइप बदलला, म्हणजे पाणी तोडलं. ओला कचरा रात्री बाहेर ठेवायचा नाही, सकाळी गाडी यायच्या आधी झाकणाच्या डब्यातून, हे घराघरात जाऊन सांगितलं, दोन घरं अजून ऐकत नाहीत. बोगदा शक्य तितका उकरून सिमेंटमध्ये फुटक्या काचा घालून भरला, ही चाळीतली जुनी युक्ती आहे, सिमेंट सुकेपर्यंत ती कुरतडू शकत नाही. आणि भिंतीच्या पायाशी जाड लोखंडी जाळी पुरली, अर्ध्या इंचाहून बारीक भोकांची, दीड फूट सरळ खाली आणि तळाशी फूटभर बाहेरच्या बाजूला वळवलेली. ही वळवायची गंमत महत्त्वाची आहे. घूस भिंतीला चिकटून खणत खाली जाते, जाळी लागते, आणखी खाली जाते, तिथेही जाळीच. फूटभर मागे सरकून तिथून खणावं हे तिला सहसा सुचत नाही.

नोव्हेंबरपासून आमच्या बाजूला नवी माती दिसली नाही. गेल्या आठवड्यात मात्र भिंतीच्या पलीकडे, भाजीवाल्या मावशी टोपल्या लावतात तिथे, सकाळी ढीग होता, बारीक, ओलसर. मावशींना दाखवला. जाळीचा सात-आठ फुटांचा तुकडा आमच्या माळ्यावर शिल्लक आहे, तो रविवारी तिथे लावायचा ठरलंय, पहार वॉचमन काका आणणार आहेत.